जुन्या ट्रकची बॅटरी सारखी उतरते? डायनामो सोडण्याआधी वायरिंग तपासा

आमच्या घरी महिंद्राचा एफसी १५० आहे. १९६५ साली महिंद्राने बाजारात आणलेला हा छोटा पेट्रोल ट्रक. इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधे झाकणाखाली. उन्हाळ्यात पाय भाजतात, थंडीत मात्र हेवा वाटावा अशी ऊब. वडिलांनी त्यावर बरीच वर्षं कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा वाहिल्या. आता तो माझा रविवार खातो.

दोन वर्षांपूर्वी गाडी रोज सकाळी हँडल मागायला लागली. एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली. तीन महिन्यांत तीही उतरली. मग दुसऱ्याने डायनामो (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) सोडून त्याचं आर्मेचर, म्हणजे आतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, भरून दिलं आणि कटआऊट नवा टाकला. फरक शून्य. शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या वायरमन काकांना घेऊन आलो. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, मीटरची एक पिन इकडे, एक तिकडे लावली आणि म्हणाले, "डायनामो करंट काढतोय की रं. पण बॅटरीपर्यंत पोचतोय कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायची रीत खाली देतोय. ती १२ व्होल्टच्या, लुकास पद्धतीच्या डायनामोला आणि त्याच्या कंट्रोल बॉक्सला लागू आहे. माझ्या गाडीत मुळात कोणता डायनामो होता देव जाणे. आज तिच्यात लुकासचा सी ४० आणि आरबी १०६ जातीचा बॉक्स बसलाय, आणि आपल्याकडच्या कित्येक जुन्या गाड्यांत हीच जोडी सापडते. अल्टरनेटर बसवलेली गाडी असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. उलट यातल्या काही चाचण्या अल्टरनेटर जाळतील.

आधी नकाशा डोक्यात बसवा

डायनामोला दोन टर्मिनल असतात. मोठं ते डी, तिथून तयार झालेला करंट बाहेर पडतो. लहान ते एफ, तिथून फील्ड कॉइलला, म्हणजे आत चुंबकत्व तयार करणाऱ्या स्थिर गुंडाळीला, करंट मिळतो. फील्डचं दुसरं टोक आतच बॉडीला लावलेलं असतं.

दोन्ही वायरी कंट्रोल बॉक्सकडे जातात. गॅरेजमध्ये सगळे याला 'कटआऊट' म्हणतात, पण झाकण काढलं की आत दोन वेगळ्या कॉइल दिसतील. एक खरा कटआऊट: डायनामोचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेला की तो पॉइंट जोडतो, खाली आला की तोडतो. दुसरा रेग्युलेटर: तो एफचा करंट कमीजास्त करून व्होल्टेज आवरतो. बॉक्सवर डी आणि एफखेरीज ए, ए-वन आणि ई ही टर्मिनलं असतात. ए वरून अँपिअर मीटरमार्गे बॅटरी, ए-वन वरून दिवे आणि इग्निशन, आणि ई म्हणजे अर्थ, गाडीच्या बॉडीला दिलेला जोड.

लुकासच्या रंगसंगतीत डीची वायर पिवळी, एफची पिवळ्यावर हिरवी रेघ, बॅटरीकडची तपकिरी घराण्यातली आणि अर्थची काळी. पन्नास वर्षांच्या गाडीत या रंगांवर विश्वास ठेवू नका. माझ्या गाडीत डीची वायर निळी निघाली आणि मधल्या जोडानंतर लाल झाली.

आणखी एक गोष्ट आत्ताच बघून घ्या: बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे? काही जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो. मी पुढे 'गरम टोक' म्हणेन ते बॉडीला नसलेलं टोक.

सामान

मल्टिमीटर, शक्यतो काट्याचा. डायनामोच्या आणि स्पार्कच्या गोंधळात डिजिटल मीटरचे आकडे पिसाळल्यासारखे नाचतात. हेडलाईटचा जुना १२ व्होल्टचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि चिमटे लावून. फूटभर जाड वायर, बारीक काचपेपर, डाख द्यायचं सामान, आणि मोबाईल. प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो घ्या. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. काही सोडायचं असेल तर आधी बॅटरीचं बॉडीकडचं टोक काढा आणि लावताना ते शेवटी लावा.

पहिली पायरी: बॅटरी, पट्टा, अर्थ

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ ला साधारण अर्धी, ११.९ च्या खाली रिकामी. रिकामी बॅटरी बाहेरून चार्ज करून घ्या, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतील. पट्टा दोन पुल्यांच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबायला हवा. जास्त ताणलात तर डायनामोचं बेअरिंग आणि मागचा बुश खातो.

अर्थकडे मात्र निवांत बघा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिनापासून चासीपर्यंत वेगळी विणलेली पट्टी लागते. रंगकाम करणारे ती काढतात, चासी चकाचक रंगवतात आणि रंगावरच नट आवळतात. इंजिन चालू करून, हेडलाईट लावून, मीटरची एक पिन डायनामोच्या उघड्या धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या बॉडीकडच्या शिशाच्या खांबावर धरा. खांबावरच, क्लँपवर नाही. कारण खांब आणि क्लँप यांच्यामधला पांढरा बुरा हाच अनेकदा चोर असतो. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे.

बॉक्सच्या ई टर्मिनलसाठी हेच परत करा. ही वायर फार दुर्लक्षित आणि तिचे खेळ फार विचित्र. बॉक्समधल्या दोन्ही कॉइल ई वरूनच परतीची वाट धरतात. ई पूर्ण तुटली तर कटआऊट ओढत नाही, चार्जिंग होत नाही, आणि रेग्युलेटर झोपल्यामुळे डायनामोचा व्होल्टेज बेलगाम चढतो. ई अर्धवट लागली असेल तर उलटं: रेग्युलेटरला व्होल्टेज खरा आहे त्यापेक्षा कमी वाटतो, तो जास्त सोडत राहतो, बॅटरीचं पाणी उकळतं आणि बल्ब एकामागून एक जातात. लोक मग नवा कटआऊट आणतात आणि त्याच गंजलेल्या स्क्रूवर बसवतात. मी ई ची वायर बॉडीच्या स्क्रूवरून काढून थेट डायनामोच्या बॉडीला नेलीय. पन्नास रुपयांचं काम.

दुसरी पायरी: लाल दिवा काय सांगतो

चार्जिंगचा लाल दिवा इग्निशन स्विच आणि डी यांच्यामधे असतो. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनामो. दोन्हीकडे सारखा दाब आला की दिवा विझतो.

चावी फिरवल्यावर लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा डीकडची वाट तुटलीय. रेस दिल्यावर एकदा विझून, रेस वाढेल तसा पुन्हा लागतोय, तर डायनामो जोरात आहे पण कटआऊटचे पॉइंट जोडले जात नाहीत. पळत्या गाडीत रात्री अंधारात अगदी मंद, निखाऱ्यासारखा दिसत राहिला तर पॉइंट घाण आहेत किंवा पुढच्या जोडांपैकी एखादा व्होल्टेज खातोय. माझ्या गाडीचा दिवा कित्येक महिने असाच धुगधुगत होता. मला वाटायचं काच जुनी झालीय.

अँपिअर मीटरचा काटा आयडलला वजा बाजूला गेला तर घाबरू नका, डायनामोची जातच ती. रेस वाढली की तो अधिक बाजूला यायला हवा. खड्ड्यात काटा उड्या मारत असेल तर जवळजवळ खात्रीने लूज कनेक्शन.

तिसरी पायरी: डायनामो एकटा

डायनामोच्या डी आणि एफ दोन्ही वायरी काढा. रेडिओची खरखर थांबवायला डीवर कंडेन्सर लावलेला असेल तर तोही काढा. तो आतून शॉर्ट झालेला मी पाहिलाय. आता डी आणि एफ ही दोन टर्मिनलं तुकडा वायरीने एकमेकांना जोडा. मीटरची एक पिन त्यावर, एक डायनामोच्या बॉडीवर. इंजिन आयडलला चालू करून हळूहळू रेस द्या.

व्होल्टेज न अडखळता सरळ चढायला हवा. २० ला पोचला की थांबा. इंजिनाच्या फेऱ्या १,००० च्या वर नेऊ नका, कारण आता त्याला लगाम घालणारं कोणी नाही.

काहीच दिसत नसेल तर कार्बन (आर्मेचरवर घासणारे ब्रश) अडकलेत किंवा संपलेत. ६-७ मिलिमीटरपर्यंत झिजले असतील तर बदला. १ व्होल्टच्या आसपास अडला तर फील्डमध्ये दोष. ४-५ व्होल्टवर अडला तर आर्मेचर. फील्डचा रेझिस्टन्स सी ४० मध्ये साधारण ६ ओहम असतो. कम्युटेटर, म्हणजे कार्बन घासतात तो आर्मेचरचा तांब्याचा भाग, काचपेपरने पुसा, एमरी पेपर नको.

बरेच दिवस पडून असलेला डायनामो चुंबकत्वही विसरतो. बॉक्सकडून एफची वायर काढलेली आहे याची खात्री करून, बॅटरीच्या गरम टोकावरून आलेली वायर एफ टर्मिनलला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी उडेल आणि डायनामोला त्याची दिशा आठवेल.

इंजिन चालू न करताही एक झटपट परीक्षा होते. पट्टा उतरवा, डी-एफ जोडलेलेच ठेवा आणि बॅटरीचं गरम टोक त्याला लावा. धड डायनामो मोटरसारखा संथ, एकसारखा फिरतो. लोक विचारतात, उलटा नाही का फिरणार? नाही, नेहमीच्याच दिशेने फिरतो.

इथे एक इशारा. अमेरिकी पद्धतीच्या काही डायनामोंत फील्डचं टोक बॉडीऐवजी आतून इन्सुलेट केलेल्या कार्बनला जोडलेलं असतं आणि बाहेरून एफला अर्थ मिळतो. तिथे डी-एफ जोडून काहीही उठणार नाही. हे ओहम मीटरने कळत नाही, कारण आर्मेचरमधून वाट मिळून आकडा सारखाच दिसतो. मागची पट्टी काढून फील्डची वायर कुठे गेलीय ते डोळ्यांनी बघा.

चौथी पायरी: बॉक्सपर्यंतच्या दोन वायरी

डायनामोच्या वायरी परत लावा. आता बॉक्सकडून डी आणि एफच्या वायरी काढून तिथे एकमेकांना जोडा आणि हीच परीक्षा पुन्हा घ्या. डायनामोपाशी मिळाला तसाच चढता व्होल्टेज इथेही मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर दोष या दीड-दोन मीटरमध्येच आहे.

यातले चार दोष मी पाहिलेत. एफ तुटली की डायनामो १ व्होल्टच्या आसपास रेंगाळतो. डी बॉडीला लागली की काहीच उठत नाही. एफ बॉडीला लागली तर फील्ड उपाशी राहतं आणि रेग्युलेटरचे पॉइंटही जळतात. डी आणि एफ गठ्ठ्यात वितळून एकमेकांना चिकटल्या तर फील्ड सतत पूर्ण ताकदीने चालतं, आणि बॅटरी चुलीवर ठेवल्यासारखी होते. पाचवा दोष माणसाचा: दोन्हीला एकाच मापाचे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे कान) लावून अदलाबदल करणं.

पाचवी पायरी: बॉक्स ते बॅटरी

काकांनी माझ्या गाडीत मीटर लावलं ते इथे. इंजिन चालू, मध्यम रेस, बॅटरी थोडी उतरलेली. एक पिन बॉक्सच्या ए वर, दुसरी बॅटरीच्या गरम खांबावर. दोन्ही टोकं एकाच वायरीची, त्यामुळे आकडा जवळजवळ शून्य हवा. माझ्याकडे आला १.६.

म्हणजे बॉक्सपाशी १४.४ आणि बॅटरीला १२.८. अँपिअर मीटरवर ८ अँपिअर. ८ गुणिले १.६ म्हणजे जवळजवळ १३ वॅट, जवळपास झीरोच्या बल्बाएवढी ताकद कुठल्यातरी एका सांध्यात जळत होती. "हात फिरव वायरीवरनं," काका म्हणाले. डॅशबोर्डमागे अँपिअर मीटरच्या नटापाशी गरम लागलं, आणि तिथून वीतभर खाली टेप चिकट होऊन ओघळली होती. टेप सोलली. दोन वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या, हिरवी पूड झालेली, धड असे चार-पाच तार. शेजारीच ती वायर पत्र्याच्या भोकातून जात होती आणि भोकाला रबरी ग्रोमेटच नव्हतं.

इथली मेख समजून घ्या. रेग्युलेटर व्होल्टेज बघतो तो बॉक्सपाशी. डायनामो ते बॉक्स या वायरीत व्होल्टेज खाल्ला गेला तर रेग्युलेटरला कमी दिसतं आणि तो डायनामोला जास्त पळवून काही अंशी भरपाई करतो. पण बॉक्सच्या पुढे खाल्ला गेला तर त्याला पत्ताच लागत नाही. त्याच्या मते सगळं आलबेल, तिकडे बॅटरी अर्धपोटी. म्हणून माझा नवा कटआऊट आणि भरलेलं आर्मेचर दोन्ही वाया गेले.

कोणता तुकडा दोषी ते शोधायला एक पिन बॅटरीच्या खांबावरच ठेवा आणि दुसरी क्रमाने सरकवत न्या: क्लँप, स्टार्टरचा बोल्ट, अँपिअर मीटरचं एक टोक, दुसरं टोक, बॉक्सचा स्क्रू. आकडा जिथे एकदम उडी मारतो तिथे पाना लावा. पूर्ण रस्त्यावर ०.५ व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो, एका सांध्यावर ०.१ च्या वर नाही.

हे सगळं करंट वाहत असतानाच मोजा. बंद गाडीत एका तारेवर लटकलेली वायरही मीटरला १२.६ व्होल्ट ठणठणीत दाखवते. तशा वेळी हेडलाईटचा बल्ब कामाला येतो: वायरीच्या शेवटाशी आणि बॉडीला चिमटे लावा. पिवळट मिणमिणला तर वायर बाद.

सहावी पायरी: कंट्रोल बॉक्स, सगळ्यात शेवटी

इथवर सगळं ठीक निघालं तरच झाकण काढा. कटआऊटच्या पॉइंटमध्ये कागदाचा कपटा सरकवा, मीटर डी आणि ई वर, रेस हळूहळू वाढवा. चढता चढता काटा एका जागी थांबला पाहिजे. आरबी १०६ साठी २० अंश तापमानाला १६.० ते १६.६, आणि ४० अंशांना १५.८ ते १६.४. आकडा अर्ध्या मिनिटात घ्या. कॉइल तापली की तो बदलतो. बॅटरीला १६ व्होल्ट जातील म्हणून घाबरू नका. कपटा असल्यामुळे इथे लोड नाही, प्रत्यक्षात आकडा खाली येतो. आता कपटा काढून आयडलपासून पुन्हा रेस द्या: कटआऊट १२.७ ते १३.३ व्होल्टला 'टक्' करून ओढायला हवा.

आकडा चुकला की लगेच स्क्रू पिळायचा मोह होतो. आधी पॉइंट साफ करा, ई पुन्हा तपासा. बंद इंजिनात कटआऊटचा पॉइंट बोटाने दाबून बघू नका; बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होते आणि वायरींतून धूर निघतो. पॉइंट आपोआप चिकटून बसले असतील, इंजिन बंद केल्यावर अँपिअर मीटरचा काटा वजा टोकाला जाऊन अडला असेल, तर बॅटरीचं टोक ताबडतोब काढा.

नवी वायर टाकताना

मुख्य रस्त्याला, म्हणजे डी, ए आणि बॅटरीकडे, ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर घ्या. हिशेब सोपा आहे: ३ मीटर लांबी आणि २० अँपिअरला १.५ ची वायर ०.७ व्होल्ट खाते, ४ ची साधारण पाव व्होल्ट, ६ ची ०.१८. एफला दोन-अडीच अँपिअरपेक्षा जास्त लागत नाही, तिथे १.५ पुरे. थिंबल दाबून वर थोडा डाख, मग स्लीव्ह. पत्र्याच्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट. एका वेळी एकच वायर काढा आणि तीच लावा. सगळा गठ्ठा उपटून बसणाऱ्यांना मी नंतर महिनाभर फोनवर ऐकलंय.

ए आणि ए-वन यांची अदलाबदल करू नका. रेग्युलेटरच्या लोडचा हिशेब या दोन वेगळ्या वाटांवर बेतलेला असतो. पुढे हौसेने लावलेले हॉर्न, स्पीकर ए-वन वर फ्यूजसकट जोडा.

सी ४० ची कमाल कमाई २२ अँपिअर आहे, तीही रेस असताना. ६० वॅटचे दोन हॅलोजन १० घेतात, इग्निशन ३-४, वायपर ३, मागचे-पुढचे लहान दिवे २. पावसाळ्यात रात्री घाटात कमी रेसवर रखडत चाललात तर वायरिंग नवं कोरं असलं तरी काटा वजाच राहणार. मी हेडलाईटला जुने ४५ वॅटचेच बल्ब ठेवलेत.

माझ्या गाडीला ते काम केल्याला दीड वर्ष झालं. तोच आकडा परवा पुन्हा घेतला: ए ते बॅटरी, ०.२. बदललेली जुनी बॅटरी मी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला दिली होती, ती अजून चालतेय.